सम्पमधले चारशे रोलर

डॉक्टरांनी सोमवारी सांगितलं. माझ्या बायकोच्या, लिओनीच्या हातात आता थोडेच दिवस होते, आणि तिला घरी न्यायचं असेल तर शुक्रवारी नेता येणार होतं. लिओनीने विचारलं, शुक्रवारी किती वाजता. डॉक्टर म्हणाल्या, दुपारी. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, घरी जा आणि चादरी धुवायला टाक. मी घरी आलो, चादरी मशीनमध्ये टाकल्या. मग हातांना काही काम उरलं नाही. मी दिवाणखान्यात माशांच्या टाकीपुढे उभा राहिलो आणि टाकीखालचं कपाट उघडलं.

त्या कपाटात सम्प आहे. सम्प म्हणजे खालची दुसरी टाकी. वरच्या टाकीतलं पाणी नळीने खाली येतं, तिथे स्वच्छ होतं आणि पंपाने पुन्हा वर जातं. पाणी स्वच्छ करतात ते जंतू. माशांच्या मलमूत्रातून जे विष तयार होतं, ते हे जंतू खातात. त्यांना राहायला काहीतरी द्यावं लागतं, चिनीमातीच्या कड्या, प्लास्टिकचे गोळे, सच्छिद्र दगड, असं काहीही. आमच्या सम्पमध्ये केस कुरळे करायचे रोलर होते. चारशे. ते कसे आले हे आधी सांगतो, म्हणजे मी त्या सोमवारी काय केलं ते कळेल.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलमध्ये प्लंबिंगची कामं करायचो. सहा फुटांची टाकी घेतली होती, सम्प स्वतः जोडला होता, पण त्यात काय भरायचं ते ठरत नव्हतं. चिनीमातीच्या कड्या परदेशातून यायच्या आणि दुकानदार दर आठवड्याला म्हणायचा, बोट निघाली आहे. शेवटी माशांच्या क्लबातल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, केसांचे रोलर घाल. पोकळ असतात, सगळीकडून भोकं असतात, कुजत नाहीत. पाणी जातं, हवा जाते. आणखी काय पाहिजे?

म्हणून जेवणाच्या सुट्टीत, चिखलाच्या बुटांसकट, मी फ्लिंडर्स स्ट्रीटवरच्या एका बायकांच्या केशकर्तनालयात शिरलो. तीन बायका केस वाळवायच्या, डोक्यावर ओढायच्या मोठ्या ड्रायरखाली बसल्या होत्या. काउंटरवर एक मुलगी होती, तोंडात कंगवा धरलेला. तीच लिओनी. मी म्हणालो, रोलर पाहिजेत. तिने कंगवा काढून विचारलं, कुठल्या मापाचे. मी म्हणालो, सगळ्यात लहान, भरपूर भोकांचे. किती? चारशे.

तिने माझ्या डोक्याकडे बघितलं. माझे केस तेव्हाच निरोप घ्यायला लागले होते.

"कुणासाठी?" तिने विचारलं.

"माशांसाठी."

तिन्ही ड्रायर एकदम वर झाले.

"माशांना पार्टीला जायचंय का?"

"नाही. त्या रोलरवर जंतू वाढवायचेत."

"आमच्याकडच्या रोलरवर जंतू नसतात," ती म्हणाली. "तुम्हाला कुणी काही सांगितलं असेल तर ते खोटं आहे."

बायका हसायला लागल्या. मी घामाने भिजलो होतो, पण सुरुवात केली होती म्हणून शेवटपर्यंत सांगितलं. माशांची लघवी, त्यातलं विष, ते खाणारे जंतू, सगळं. तीन बायकांसमोर. ती मात्र हसली नाही. हनुवटीवर कंगवा टेकवून ऐकत होती. तिने विचारलं की जंतू यायला किती दिवस लागतात. मी म्हणालो, सहा आठवडे. मग तोपर्यंत मासे काय करतात? मी म्हणालो, तोपर्यंत एखाददुसराच ठेवायचा, आणि वाट बघायची.

"म्हणजे आधी भाडेकरू, मग पाहुणे," ती म्हणाली. "गुरुवारी या. मागवून ठेवते."

गुरुवारी गेलो तर तिच्या बोटांना चार ठिकाणी चिकटपट्ट्या होत्या. काउंटरवर मोठी पिशवी होती, गुलाबी, हिरवे, निळे रोलर. मी विचारलं, बोटांना काय झालं. ती म्हणाली, काही नाही. पण ड्रायरखालच्या एका बाईने, मिसेस डव्ह त्यांचं नाव, सांगून टाकलं. आलेल्या रोलरमध्ये आतून तारेची गुंडाळी आणि ब्रश होता. लिओनीने क्लबातल्या त्याच म्हाताऱ्याला फोन करून विचारलं होतं की तार चालेल का. तो म्हणाला, गंजेल, मासे मरतील. मग तीन संध्याकाळी बसून तिने चारशे रोलरमधली तार एकेक करून ओढून काढली.

"मला वाटलं, एवढं विचारत आलात... तर निदान पाहुणे जगू देत," ती म्हणाली. आणि मग घाईघाईने कुणाच्या तरी डोक्यावर पाणी ओतायला गेली.

रविवारी ती टाकी बघायला आली. कागदात गुंडाळलेले मासे आणि चिप्स घेऊन आली आणि दारातच थांबली. म्हणाली, यांच्यासमोर मासे खाल्लेले चालतील का? मी म्हणालो, टाकीत अजून कुणी नाहीच. आम्ही जमिनीवर बसून कपाटाचं दार उघडं ठेवून खाल्लं. रोलर एका उभ्या पिंपात भरले होते आणि पाणी त्यांच्यावरून टपटपत खाली येत होतं. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडावा तसा आवाज.

"हे रात्रभर असंच?"

"रात्रंदिवस."

"तुझ्याशी जी लग्न करेल तिला कानात कापूस घालावा लागेल."

"लागेल तेवढा आणून देईन," मी म्हणालो.

तिने एक चिप उचलली, खाल्ली नाही. माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. तिचे कान लाल झाले होते. माझेही झाले असतील.

पुढे महिनाभराने तिने स्वतःचे केस स्वतः कापले. आम्ही समुद्राकाठच्या भिंतीवर बसलो होतो. मी म्हणालो, छान दिसतायत. ती म्हणाली, खरं सांग. मी म्हणालो, खरंच. तेव्हा ती गंभीर झाली.

"हे बघ नेव्ह. दिवसभर मी बायकांना 'छान दिसतंय' म्हणते. पाचातल्या तीन वेळा ते खोटं असतं. ते माझं काम आहे. पण घरी मला ते नको. घरी वाईट असेल तर वाईट म्हणायचं. जमेल?"

मी तिच्या मागे जाऊन नीट बघितलं आणि म्हणालो, "मागून उंदरांनी कुरतडल्यासारखं झालंय."

ती इतकी हसली की भिंतीवरून पडता पडता राहिली. मी तिचा दंड धरला. तो मी नंतर सोडला नाही, म्हणजे सोडायला ती म्हणालीच नाही. दोन महिन्यांनी आमचं लग्न झालं.

लग्नाच्या वर्षी आम्ही पाच लोच आणले. नारिंगी अंग, तीन काळे पट्टे, मिशा. हे मासे माणसाच्या संसाराइतके जगतात. लिओनीने त्यांना ड्रायरखालच्या बायकांची नावं दिली. शेवटी दोन उरल्या होत्या, मिसेस डव्ह आणि मिसेस पिल्चर, दोघी वीतभर लांब. या जातीची एक खोड आहे. ते झोपताना एका कुशीवर आडवे पडतात, मेल्यासारखे. पहिल्यांदा लिओनीने ते बघितलं तेव्हा मला कामावर फोन करून रडली होती. मी घरी येईपर्यंत त्या उठून पोहत होत्या. तेव्हापासून ती पाहुण्यांना सांगायची, बायकांची दुपारची डुलकी चालू आहे, हळू बोला.

तिची अट मी पाळली. तिने स्वतःचं दुकान काढलं तेव्हा मी सांगितलं होतं की जागा चुकीची आहे. ती जागा चुकीचीच निघाली. मूल होणार नाही हे कळलं तेव्हाही मी गोड बोललो नाही, तिच्याशेजारी बसून राहिलो. पण एक गोष्ट मी टाळत आलो. सम्पचा आवाज. ती दर वर्षी म्हणायची, नेव्ह, प्लंबर ना तू, तो टपटपाट बंद कर. मी दर वर्षी म्हणायचो, पावसाळा संपला की. एकतीस पावसाळे संपले.

आता तो सोमवार. दवाखान्याचा पलंग आमच्या झोपायच्या खोलीत मावणार नव्हता, तो दिवाणखान्यातच लावायला लागणार होता, टाकीपासून दोन हातांवर. मला वाटलं, निदान आवाज तरी बंद करू. तिला शांत झोपू दे.

मी माशांच्या दुकानात गेलो. फळीवर सगळं होतं. कड्या, गोळे, काळे स्पंज, पांढऱ्या सच्छिद्र विटा. पूर्वी ज्यासाठी बोटीची वाट बघायची ते आता डब्यांत रचून ठेवलेलं. मी बराच वेळ उभा होतो. विटा घेतल्या, कारण त्या पाण्याखाली बुडवून ठेवतात. पाणी टपटपत नाही, आवाज नाही. खोक्यावर लिहिलं होतं की एका विटेत जंतूंसाठी फुटबॉलच्या मैदानाएवढी जागा असते.

मैदान रिकामं होतं, एवढंच. नव्या विटेत कुणी राहत नसतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. क्लबात दर वर्षी नव्या लोकांना मीच सांगायचो, एका वेळी थोडंच बदला. नवं जुन्याच्या शेजारी दोन महिने ठेवा. नळाच्या पाण्यात काही धुऊ नका, त्यात क्लोरीन असतं. फळ्यावर लिहून द्यायचो. आणि त्या दिवशी मी चारशेच्या चारशे रोलर काढून अंगणात टाकले, बागेच्या नळीने स्वच्छ धुतले आणि काँक्रीटवर उन्हात पसरले. पिंप कापून काढलं. विटा लावल्या. पंप सुरू केला. घरात पहिल्यांदाच काही ऐकू येईना. मला वाटलं, आज एक तरी काम नीट झालं.

मंगळवार, बुधवार मी दिवसभर दवाखान्यात होतो. लिओनीला सांगितलं नाही, तिला घरी आल्यावर कळू दे म्हणून. सकाळी निघताना माशांना खाऊ टाकायचो आणि निघायचो. गुरुवारी संध्याकाळी परत आलो तर मिसेस डव्ह पाण्याच्या वरच्या बाजूला तोंड उघडत होती. मिसेस पिल्चरचे कल्ले लाल झाले होते. मी पाणी तपासलं. चाचणीच्या काचेच्या नळीत औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं राहायला हवं, हिरवं म्हणजे विष. ते गवतासारखं हिरवं झालं.

निम्मं पाणी बदललं. थोड्या वेळाने पुन्हा बदललं. क्लबातल्या कुणालाही फोन केला असता तर वीस मिनिटांत त्यांच्या सम्पमधलं बादलीभर जुनं सामान, जिवंत जंतूंसकट, माझ्या दारात आलं असतं. मी फोन हातात घेतला होता. पण मग सांगावं लागलं असतं की नेव्हिलने सगळं एकदम बदललं, तेही नळाच्या पाण्यात धुऊन. दर वर्षी फळ्यावर लिहिणाऱ्या नेव्हिलने. मी फोन खाली ठेवला. दोन वेळा पाणी बदललंय, पुरेल, असं स्वतःला सांगितलं.

शुक्रवारी सकाळी पलंगवाले आले. ते जाईपर्यंत दोघी आडव्या झाल्या होत्या. मिसेस डव्ह गेली होती. मिसेस पिल्चरचा कल्ला अजून हलत होता, खूप वेळाने एकदा. लिओनी यायच्या आत त्यांना काढायचं आणि ती आली की लगेच खरं सांगायचं, असं मी ठरवलं. जाळी आणायला मागच्या दारी गेलो तर पुढच्या दारी रुग्णवाहिका उभी होती. एक तास आधी.

तिला पलंगावर ठेवलं, उशी नीट केली, माणसं गेली. ती खूप बारीक झाली होती. तिने मान टाकीकडे वळवली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"बायका झोपल्यात."

मी जाळी पाठीमागे धरून उभा होतो.

"हो," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. 

थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि विचारलं, "आवाज कुठे गेला?"

मी सांगितलं की तिच्यासाठी बंद केला. रोलर काढले, नव्या विटा बसवल्या. आता तिला नीट झोप येईल. ती छताच्या पंख्याकडे बघत राहिली.

"मला त्याच्यावरच झोप लागायची रे," ती म्हणाली. "दवाखान्यात तेवढ्यासाठी झोप यायची नाही. तुला चिडवायचे मी, वेड्या... इतकी वर्षं."

मला बसावंसं वाटलं, पण बसायला खुर्ची लांब होती.

तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं असावं. कारण ती लगेच म्हणाली, "असू दे. छान केलंस. शांत वाटतंय किती."

तो आवाज मी ओळखला. दुकानात ती ड्रायरखालच्या बायकांना आरसा दाखवताना त्याच आवाजात बोलायची. एकतीस वर्षांत माझ्याशी ती त्या आवाजात कधी बोलली नव्हती. तिने माझ्यासाठी स्वतःची अट मोडली होती. तेव्हाच मी पण सांगायला हवं होतं. तिचा हात माझ्या हातात होता, घरात तिसरं कुणी नव्हतं आणि इतकी शांतता होती. म्हणायचं होतं, लिओनी, त्या झोपल्या नाहीत. मी मारल्या. ती मला रागावली असती. मग रडली असती. आणि मग मला वाटतं, तिने मला जवळ घेतलं असतं.

मी म्हणालो, चहा करतो.

ती झोपल्यावर मी दोघींना काढलं आणि कुंपणाजवळ पुरलं. ती जागी झाल्यावर मी म्हणालो, टाकीतल्या ओंडक्याच्या पोकळीत शिरल्यात, गडबडीला घाबरल्या असतील. शनिवारी तिची धाकटी बहीण ग्लेनिस इंगमहून आली. लिओनीने तिला पलंगाशेजारी बसवून सांगितलं की बायका तू घेऊन जा, नेव्ह एकटा असला की खाऊ जास्त घालतो. ग्लेनिस म्हणाली, नेईन. लिओनी म्हणाली, पण आधी टाकी सहा आठवडे चालू ठेव, मगच. आधी भाडेकरू येऊ दे. ग्लेनिसला ते कळलं नाही, लिओनीने तिला सगळं नीट समजावून सांगितलं. दमत दमत, थांबत थांबत. मग दोघींनी माझ्याकडे बघितलं.

"नेव्ह, देशील ना?" लिओनीने विचारलं.

"देईन."

रविवारी तिने मला विचारलं, त्या बाहेर येत नाहीत का? मी म्हणालो, लाजतायत. ती माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ. तिला कळलं होतं का, हे मला माहीत नाही. मी खूप विचार केला आहे. कधी वाटतं, कळलं होतं आणि मी कधी सांगतो याची ती वाट बघत होती. सोमवारी ती फारशी बोलली नाही. मी तिच्याजवळ बसून होतो. दोनदा सुरुवात केली. एकदा नर्स आली. दुसऱ्यांदा कुणी आलं नव्हतं, मीच थांबलो. मंगळवारी सकाळी, केटलचं पाणी उकळत असताना, ती गेली.

त्याला आता तीन महिने झाले. टाकीत पाणी आहे, पंप चालू आहे. विटांमध्ये आता जंतू नक्कीच आले असते, पण आत त्यांना खायला घालणारं कुणी नाही.

ग्लेनिस दर रविवारी फोन करते. तिने पाच फुटांची टाकी घेतली आहे. खाली मऊ वाळू घातली, कारण लोचच्या मिशांना खडे टोचतात असं लिओनीने सांगितलं होतं. सहा आठवडे टाकी चालवली, मग आणखी सहा. पाणी रोज तपासते आणि मला आकडे वाचून दाखवते. तिचे आकडे बरोबर असतात. ती विचारते, बायका कशा आहेत. मी म्हणतो, बऱ्या आहेत. ती म्हणते, ताईचं एवढंच काहीतरी माझ्याकडे राहील. मी म्हणतो, थंडी संपू दे, मग ने.

थंडी संपली. काल तिने निरोप ठेवला की शनिवारी ती स्वतःच येते आहे, झाकणाच्या दोन मोठ्या बादल्या घेऊन.

आज बुधवार आहे. मी तिला अजून फोन केलेला नाही.